बॉयलरची कॅसेट

विठ्ठलवाडीच्या ज्या चाळीत मी वाढले तिथे कडीला पंचा बांधायची पद्धत होती. दाराच्या बाहेरच्या कडीला पंचा दिसला की समजायचं, या घरातला माणूस थर्ड शिफ्ट करून आलाय आणि आत झोपलाय. मग त्या दारासमोर कोणी धुणं आपटायचं नाही, पोरांनी त्या टोकाला क्रिकेट मांडायचं नाही, आणि भाजीवालीने ओरडायचं नाही, नुसती टोपली उतरवून उभं राहायचं. निम्मी चाळ अंबरनाथच्या कारखान्यांत कामाला जायची, त्यामुळे कोणाच्या ना कोणाच्या कडीला पंचा असायचाच. एरवी नळावर एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरणाऱ्या बायका पंच्याच्या दारापाशी आल्या की खुणांनी भांडायच्या. खुणांचं भांडण मी पाहिलेलं आहे. त्यात शिव्या कमी असतात, पण लागतं जास्त.

हा नियम कोणी लिहून ठेवला नव्हता, तरी तो कोणी मोडला नाही. मोडला तो आम्ही, आमच्याच घरात, माझ्या बाबांच्या उशाशी, आणि तोही त्यांच्यावरच्या मायेपोटी.

बाबा अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात बॉयलरवर हेल्पर होते. कोळशाचा जुना बॉयलर. त्याची राख ओढायची, गाड्यात भरायची आणि मागच्या आवारात नेऊन टाकायची, हे त्यांचं काम. एक आठवडा फर्स्ट, एक आठवडा सेकंड, एक आठवडा थर्ड, असं चक्र वर्षानुवर्षं चाललेलं. सायकलने जायचे, सायकलने यायचे. अंघोळ केली तरी कानाच्या मागे राख राहायची आणि आई ती पदराने पुसायची. मला वाटायचं, सगळ्यांच्याच वडिलांच्या कानामागे राख असते.

पंच्याऐंशीच्या आगेमागे कारखान्यात तेलावरचा नवा बॉयलर आणायचं ठरलं. तेलाला राख नसते. राख नाही म्हणजे राख ओढणारा माणूसही नको. साहेबांनी हेल्पर लोकांना बोलावून सरळ सांगितलं, की नवा बॉयलर बसायला अजून अवकाश आहे, तोवर जो बॉयलर अटेंडंटची सरकारी परीक्षा पास होईल त्याला ठेवू, बाकीच्यांचं काही सांगता येत नाही. काही सांगता येत नाही म्हणजे काय, ते चाळीत कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

परीक्षा तोंडी होती. मुंबईला जायचं, समोर दोन-तीन साहेब बसतात, ते विचारतील त्याची उत्तरं द्यायची. बाबा सातवीपर्यंत शिकलेले. त्यांनी प्रश्नोत्तरांचं एक मराठी पुस्तक आणलं आणि फर्स्टच्या आठवड्यात संध्याकाळी घोकायला बसायचे. बॉयलर त्यांना कळत नव्हता असं नाही, रोज त्याच्या पोटाशीच उभे असायचे. पण परीक्षेला पुस्तकातले शब्द लागत, आणि ते शब्द काही त्यांच्याकडे मुक्कामाला राहायला तयार नव्हते. संध्याकाळी सेफ्टी व्हॉल्व्हचं उत्तर घडाघडा म्हणायचे, आणि दोन दिवसांनी विचारलं की अर्धं उत्तर सेफ्टी व्हॉल्व्हचं निघायचं आणि अर्धं फीड पंपाचं. आई म्हणायची, होईल हो हळूहळू. बाबा म्हणायचे, माझं डोकंच मातीचं आहे. आपली उंची किंवा वजन सांगावं तितक्या साधेपणाने सांगायचे. ऐकून ऐकून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

अशात मामा मध्ये पडला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. चाळीजवळच्या सिंधी वसाहतीत, कॅम्प तीनच्या बाजारात, एका शेठच्या दुकानात टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा. त्या दुकानात टेपरेकॉर्डर तयारही व्हायचे, बाहेरून जपानी आणि आतून कॅम्प तीन. मामा स्वतःही थोडाफार तसाच होता. गिऱ्हाइकांशी गप्पा मारून मारून त्याला जगातलं सगळं थोडंथोडं माहीत झालेलं असायचं, आणि जे थोडं माहीत असायचं ते तो पूर्ण खात्रीने सांगायचा. एका रविवारी तो दुकानातला एक टेपरेकॉर्डर आणि कोरी कॅसेट घेऊन आला. म्हणाला, फॉरेनमध्ये लोक झोपेत शिकतात. कानाशी टेप चालू ठेवायची, माणूस झोपलेला राहतो आणि डोकं ऐकत राहतं, उठल्यावर सगळं पाठ. दुकानात आलेल्या कोणा गिऱ्हाइकाने त्याला हे सांगितलं होतं, आणि गिऱ्हाईक गॉगलवालं होतं, म्हणजे खोटं बोलण्याचा प्रश्नच नव्हता.

"दाजी, तुम्ही नुसतं झोपायचं," मामा म्हणाला. "बाकी सगळं मशीन करणार. एकदम फिट बसणार डोक्यात."

बाबा हसले. नाही म्हणणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं, आणि बायकोच्या भावाला तर नाहीच नाही.

वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी सहावीत होते आणि शाळेत धडा वाचायला बाई मलाच उभं करायच्या, त्याचा मला चांगलाच माज होता. प्रश्न आईने विचारायचे असं ठरलं होतं, पण मशीनसमोर तिला शब्द फुटेना. मग प्रश्नही मीच विचारले आणि उत्तरंही मीच दिली. दार लावून, पंखा बंद करून, घामाघूम होत संपूर्ण दुपार आम्ही ते करत बसलो. संध्याकाळपर्यंत माझा घसा बसला. मामाने मला बर्फाचा गोळा खायला घातला, त्याने तो आणखी बसला.

त्या सगळ्यात एक उत्तर सगळ्यांत महत्त्वाचं होतं. बॉयलरला बाहेरून एक काचेची नळी असते, आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. त्या नळीत पाणी दिसेनासं झालं तर काय कराल, असा प्रश्न. कोणालाही वाटेल, पाणी संपलंय तर पाणी सोडायचं. तिथेच माणूस फसतो. तापलेल्या बॉयलरमध्ये घाईने गार पाणी सोडलं तर तो फुटतो. म्हणून उत्तर असं: आधी आग बंद करायची. पाणी सोडायचं नाही. बॉयलर आपला आपण निवू द्यायचा. मी हे उत्तर वाचत असताना ऐन मध्यात आमच्या कुकरची शिट्टी झाली. मी दचकून थांबले. मामाने हाताने चालू ठेव म्हणून खूण केली, आणि मी ते उत्तर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. शिट्टी कॅसेटमध्ये राहिली ती राहिलीच.

थर्डचा आठवडा लागला आणि कार्यक्रम सुरू झाला. बाबा सकाळी घरी यायचे, अंघोळ करून चहा-चपाती खायचे आणि कॉटवर आडवे व्हायचे. आई बाहेर जाऊन कडीला पंचा बांधायची आणि आत येऊन उशाशी टेप लावायची. मी सकाळच्या शाळेतून आले की चपला हातात घेऊन चवड्यांवर घरात शिरायचे आणि स्वतःचाच आवाज ऐकत बसायचे. बाबा उताणे झोपलेले असायचे, डावा हात छातीवर, तोंड किंचित उघडं. कॅसेटची एक बाजू संपली की बटण टक् करून वर यायचं. त्या आवाजासरशी बाबा कूस बदलायचे. आई माझ्या कानात कुजबुजायची, बघ किती गाढ झोपलेत, आणि कॅसेट उलटी करून पुन्हा लावायची.

आमच्या भिंती कसल्या, पार्टिशनच. शेजारच्या काकू गहू निवडता निवडता फीड पंपाचं उत्तर म्हणायला लागल्या. त्यांचा धाकटा बोबडा होता, तोही येताजाता छेफ्टी व्हॉल्व्ह, छेफ्टी व्हॉल्व्ह करायचा. परीक्षा चाळीची असती तर अख्खी चाळ पास झाली असती. सगळे लोक बाबांच्या झोपेसाठी तोंडाला कुलूप लावून बसले होते, आणि त्या शांततेत बोलत होते ते फक्त आम्ही घरचे.

त्या दिवसांत बाबा विसरायचेही फार. एकदा डबा सायकलला अडकवला आणि सायकल तशीच ठेवून चालत कारखान्यात गेले. आम्ही हसलो. बाबाही हसले. मामाने सांगितलं, नवीन माल आत जातोय म्हणजे जुना थोडा बाहेर पडणारच.

पहिल्या वेळी बाबा नापास झाले. काचेच्या नळीचाच प्रश्न आला होता. बाबांनी घरी येऊन सांगितलं, की डोक्यात नुसतं पांढरं पांढरं झालं आणि तोंडातून निघून गेलं, पाणी सोडीन. साहेबांनी पुढचा प्रश्नही विचारला नाही. हे सांगताना ते हसत होते. आई चुलीकडे, म्हणजे स्टोव्हकडे, तोंड करून बसली आणि बराच वेळ वळली नाही. मला त्यांच्या हसण्याचाच राग आला. माणसाने अशा वेळी तरी हसू नये असं मला वाटलं, आणि मग मी मोरीत जाऊन रडले.

मामाचं म्हणणं पडलं की डोस कमी पडला. परीक्षा पुन्हा देता येणार होती, तोवर डोस वाढवायचा. मग सेकंडच्या आठवड्यातही बाबा सकाळी उशिरापर्यंत झोपायचे तेव्हा टेप लागायला लागली. आवाजही थोडा वाढवला. कारखान्यात नव्या बॉयलरचा पाया ओतून झाला होता, हे बाबांनी जेवताना सांगितलं, आणि त्या दिवशी कोणी दुसऱ्यांदा भाजी मागितली नाही.

परीक्षा काही आठवड्यांवर आली असताना ते झालं. मी शाळेतून आले तर पंचा कडीला होता, पण आतून आवाज येत नव्हता. आई रेशनला गेली होती. बाबा कॉटवर नेहमीसारखे उताणे, डावा हात छातीवर. आणि टेपरेकॉर्डरच्या तोंडातून कॅसेटची तपकिरी फीत बाहेर आली होती, गुंतवळासारखी, चुरगळून, रोलरला गुंडाळून. मी पंच्याचा नियम विसरून भोकाड पसरलं. चाळीतल्या बायका दारात जमा झाल्या. बाबा उठले, मला जवळ घेतलं, पाठीवर हात फिरवत राहिले.

संध्याकाळी मामा आला. त्याने मशीन उघडलं, आत बराच वेळ बघितलं, एकदा बाबांकडे बघितलं, आणि म्हणाला रोलर गेलाय. मशीन घेऊन गेला. दिवाळीचा सीझन होता, दुरुस्त झाल्यावर शेठने ते विकून टाकलं. दुसरं आणायचं तर सीझनमध्ये शेठ दुकानातून मशीन हलू देत नव्हता. मी कितीतरी दिवस धुमसत होते. माझ्या आवाजाशिवाय बाबा पुन्हा नापास होणार, त्यांचं काम सुटणार आणि आम्हाला चाळ सोडून गावी जावं लागणार, अशी माझी पक्की खात्री होती. आमच्या घरी पंच्याखाली आता खरी शांतता होती, आणि मला ती बघवत नव्हती.

बाबा पास झाले. पेढ्यांचा पुडा घेऊन आले आणि पहिला पेढा देवापुढे न ठेवता माझ्या हातात दिला. म्हणाले, हिने पास केलं मला. मामा म्हणाला, बघा, उशिरा का होईना, मशीनने काम केलं. शेजारच्या काकूंनीही मान डोलावली. त्या दिवसापासून आमच्या नात्यात ही गोष्ट अशीच सांगितली जायची, आणि मी ती लग्नकार्यात मान वर करून ऐकायचे. बाबा नव्या बॉयलरवर अटेंडंट झाले. कानामागची राख गेली. पुढे आम्ही बदलापूरला वन रूम किचन घेतलं आणि चाळ सुटली.

बारावी सायन्स झाल्यावर मी टेक्निशियनचा कोर्स केला आणि कॅम्प चारमधल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात ईईजी काढायला लागले. डोक्याला मलम लावून तारा चिकटवायच्या आणि मेंदूतली बारीक वीज पेनांनी कागदावर उतरवायची, असं ते काम. नव्वदीच्या दशकातलं ते जाडजूड मशीन, कागद सरकत राहायचा आणि पेनं कुरकुरत राहायची. लोक घाबरत यायचे. मशीन मनातलं वाचतं असं अर्ध्यांना वाटायचं. एका बाईने मला तारा लावायच्या आधीच शपथ घातली होती, की जे काही दिसेल ते सासूला सांगायचं नाही.

मनातलं काही दिसत नाही. पण माणूस जागा आहे की झोपलाय, हे मात्र लपत नाही. डोळे मिटून जागा पडला असेल तर डोक्याच्या मागच्या तारांत एकसारख्या, शिस्तीत ओळीने लाटा येतात. डोळा लागला की ती ओळ विस्कटते, हळूहळू लाटा मोठ्या आणि संथ होतात, आणि मधूनच बारीक लाटांचा एक झुबका उठतो, मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना निमुळता. इंग्रजीत त्याला स्पिंडल म्हणतात, म्हणजे सूत भरलेली चाती. दिसतोही अगदी तसा.

पेशंट नसले की डॉक्टर शिकवायच्या मूडमध्ये यायचे. त्यांनीच मला सांगितलं, की कानशिलाच्या आत खोलवर हिप्पोकॅम्पस नावाचा लहानसा भाग असतो, दिवसभरात जे नवं कळतं ते आधी तो धरून ठेवतो. पण त्याच्याकडे जागा थोडी, तिथे फार काळ काही राहत नाही. कायमचं ठेवायचं ते मेंदूच्या वरच्या सालीत, निओकॉर्टेक्समध्ये. खालचा माल वर जातो तो बराचसा झोपेत, आणि तिथेही वेळेचाच खेळ असतो. वरच्या सालीत संथ लाट येते, तिच्यावर स्पिंडल उठतो, आणि त्याच क्षणी खालच्या भागाने आपल्याकडचं सोडावं लागतं. दोघांची वेळ जुळली की ते बसतं. झोप मोडली की वेळ हुकते. डॉक्टर हे जपून सांगायचे, अजून शोध चालू आहे म्हणायचे. खालच्याचं बोलणं आमच्या मशीनला ऐकूच येत नसे, वरच्याचा हुंकार तेवढा कागदावर दिसायचा. मी त्यांना म्हटलं, हे आमच्या बदलापूरच्या बिल्डिंगसारखं झालं. पाणी येतं खालच्या टाकीत, ते गच्चीतल्या टाकीत चढवायचं तर नेमकी तेव्हाच वीज हवी. पाणी आहे आणि वीज नाही, की बसा बादल्या घेऊन. डॉक्टरांना हे फार आवडलं आणि ते पेशंटना तसंच सांगायला लागले. माझं नाव मात्र कधी घेतलं नाही.

हे सगळं शिकूनही चाळीतली कॅसेट मला आठवली नव्हती. आपल्या घरची गोष्ट आपण पुस्तकाला लावून बघत नाही.

मग एकदा बाबा मोरीत चक्कर येऊन पडले. तपासण्या चांगल्या निघाल्या, तरी आमचे डॉक्टर म्हणाले, एक झोपेतला ईईजी काढून टाकू. त्यासाठी आदली रात्र जागून काढायची असते. मी बाबांना कसं जागायचं ते समजावून सांगायला लागले तर म्हणाले, ते तू मला शिकवू नकोस.

सकाळी ते बदलापूरहून आले, इस्त्रीचा शर्ट घालून, खांद्यावर पंचा टाकून. तारा चिकटवताना माझं बोट त्यांच्या कानामागे गेलं आणि तिथेच घुटमळलं. मी दिवा घालवला, आता झोपा म्हटलं आणि पडद्यामागे मशीनशी जाऊन बसले.

थोड्या वेळाने फटीतून बघितलं. बाबा गाढ झोपले होते. उताणे, डावा हात छातीवर, तोंड किंचित उघडं, श्वास संथ. मी समाधानाने कागदाकडे वळले. कागदावर डोक्याच्या मागच्या तारांत त्याच शिस्तीतल्या लाटा ओळीने चालल्या होत्या. एकही विस्कटलेली नव्हती.

पहिल्यांदा वाटलं, तार सैल झाली असेल. उठून सगळ्या तारा बघितल्या, सगळ्या पक्क्या होत्या. मग मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. हा चेहरा मला पाठ होता. चाळीतल्या त्या सगळ्या दुपारी मी हाच चेहरा बघत बसले होते. बाबांची झोप म्हणून मला जी ठाऊक होती, ती ही होती.

"बाबा, तुम्ही जागे आहात," मी म्हटलं.

"नाही," बाबा डोळे न उघडता म्हणाले.

आणि मग त्यांनाच हसू आलं. डोळे उघडून म्हणाले, कागदावर हे पण उमटतं होय? मी म्हटलं, हेच तर उमटतं. ते ओशाळले. म्हणाले, तू कधीची ताटकळत बसलीस, म्हटलं पोरीचं काम लवकर व्हावं.

"आणि चाळीत?" मी विचारलं. "टेप लावायचो तेव्हा?"

बाबा छताकडे बघत हळूहळू सांगायला लागले. सगळ्यांनी केवढी खटपट केली होती, मामा एवढं मशीन घेऊन आला होता, वाचून वाचून तुझा घसा बसला होता, तुझी आई पहारा दिल्यासारखी उशाशी बसायची, त्यात झोपू द्या म्हणायला जीभ रेटत नव्हती. कधी डोळा लागलाच, तर नेमकं ते बटण टक् करायचं. म्हणून मग डोळे मिटून ऐकत पडायचे. कामावर गेल्यावर बॉयलरच्या खोलीच्या भिंतीला टेकून उभ्या उभ्या डुलक्या काढायचे.

"आता विचारलंसच तर एक सांगतो," ते म्हणाले. "ती फीत आपोआप गुंतली नव्हती. मीच बोटाने ओढून काढली. तू एवढी रडशील असं वाटलं नव्हतं मला. तुझ्या मामाला कळलं होतं. तो शेवटी मेकॅनिक."

म्हणजे इतकी वर्षं त्या माणसाच्या मनात हे होतं, की आपण लेकीची मेहनत बोटाने ओढून काढली. मला बाबांची इतकी दया आली आणि आमच्या सगळ्यांच्या शहाणपणाचा इतका संताप आला, की मी भडाभडा बोलतच सुटले. खालची टाकी, वरची टाकी, पंप, वेळ, सगळं सांगितलं. म्हटलं, तुमचं डोकं कधीच मातीचं नव्हतं, आम्ही त्याला झोपू दिलं नाही. कॅसेट गेली म्हणून तुम्हाला झोप मिळाली, आणि झोप मिळाली म्हणून तुम्ही पास झालात. पाणी सोडायचं नाही, निवू द्यायचं, हे तुमच्या पुस्तकातच होतं, आणि आम्ही वरून पाणी ओतत बसलो होतो.

बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि मान हलवली. मी म्हटलं, मान हलवू नका, तारा निघतील.

"नाही पोरी," ते म्हणाले. "मी तुझ्या टेपनेच पास झालो."

आणि त्यांनी ते उत्तर म्हणायला सुरुवात केली. त्यांचा आवाज, पण चाल माझी, सहावीतल्या मुलीने बाईंसमोर धडा वाचावा तशी. आधी आग बंद करायची. पाणी सोडायचं... तिथे ते थांबले. ओठ आवळून त्यांनी कुकरची शिट्टी वाजवली, बारीकशी. आणि मग उत्तर पुन्हा पहिल्यापासून घेतलं, शेवटपर्यंत, एक शब्द न चुकता. म्हणाले, परीक्षेतही मी असाच मध्येच थांबलो होतो. साहेब म्हणाला, का थांबलात. त्याला काय सांगणार, शिट्टी झाली म्हणून?

मी हसले आणि हसता हसता रडले. मी माझ्या मशीनच्या जोरावर त्यांना शिकवत होते, आणि ते खोटं बोलत नव्हते. त्या सगळ्या दुपारी त्यांनी जागेपणी मला ऐकलं होतं, मन लावून, शिट्टीसकट. ते ऐकलेलं आत उतरायला झोप हवी होती, आणि ती त्यांना मी गप्प झाल्यावर मिळाली. दोन्ही माझ्याच आवाजाचं देणं होतं, असण्याचं आणि नसण्याचंही. हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही. त्यांना जांभई आली होती.

त्यांच्या उशाजवळचा पंचा घेऊन मी बाहेर गेले आणि खोलीच्या दाराच्या कडीला बांधला. बाकावर बसलेले लोक माझ्याकडे बघायला लागले. त्यांच्यात एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी पंचा बघितला आणि शेजारी मोठ्याने बोलत असलेल्या मुलाला हातानेच गप्प केलं. कुठल्या कारखान्यात होते, ते मी विचारायचं राहून गेलं.

आत येऊन बसले. ओळीने चाललेल्या लाटा अजून तशाच होत्या. मग एक लाट सैल पडली, मग दुसरी, आणि ती ओळ विस्कटत गेली. बाबांनी उताणं पडणं सोडून भिंतीकडे तोंड केलं, गुडघे पोटाशी घेतले आणि लहान मुलासारखे घोरायला लागले. बाबा घोरतात हे मला माहीत नव्हतं. कागदावर पहिली चाती उमटली, मागोमाग दुसरी. त्या दिवशी ते कागदावर बघताना मला जेवढं बरं वाटलं, तेवढं माझा स्वतःचा कुठला निकाल बघतानाही वाटलेलं नाही.

रिपोर्टपुरतं मिळालं होतं. पुढचा पेशंट थांबला होता, डॉक्टर दारातून डोकावून गेले. मी मशीन बंद करायला हात नेला. त्या मशीनचं बटणही बंद करताना टक् करायचं. मी हात मागे घेतला, आणि बाबा आपले आपण उठेपर्यंत कागद चालू ठेवला.